पिवळ्या पुठ्ठ्यांची वाट

वेणीला पिवळा पुठ्ठा चिकटला तेव्हा कुठे प्रेरणाच्या लक्षात आलं, की आपण शर्यतीच्या वाटेवर नाही, कोणाच्या तरी कपाशीत उभ्या आहोत. पुठ्ठ्यावर चिकट डिंक होता आणि डिंकावर मेलेल्या पांढऱ्या माश्या.

आता यात तिचा काय दोष? शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या लोकांनी सकाळी चहा पाजताना बजावलं होतं, घाट चढला की पिवळे पुठ्ठे टांगलेत, त्यांच्या मागे चला. ती सगळ्या पोरींच्या पुढे होती. पिवळा दिसला, ती वळली... आणि पिवळ्यामागून पिवळे दिसतच गेले. ऐन कापूसवेचणीत आईने तिला मोठ्या मिनतवारीने सोडलं होतं. "यंदा पहिली ये, नाहीतर ते बूट माळ्यावर!" असं म्हणून ती खाली, घाटाच्या पायथ्याशी निकालाची वाट बघत बसली होती. संतापाने प्रेरणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ओ भाऊ!" शेताच्या कडेला, धुऱ्यावर पाण्याची कॅन घेऊन उभ्या असलेल्या तरुणावर ती ओरडली. "हे वावर कोण्या शहाण्याचं हाये?"

"माह्यंच." तो धावत आला.

"अन् शर्यतीचे पुठ्ठे कोणं बांधले?"

त्याचे कान लाल झाले. "ते बी... मीच."

"दोन्ही पिवळे?"

"मांगच्या साली बोंडअळीनं सारी पऱ्हाटी खाल्ली. यंदा भेवानं दिसन तो सापळा लावला, हे चिकट पुठ्ठे बी. क्लबचे पुठ्ठे काल बांधले. ध्यानातच नाही आलं पाहा... अन् ते भाऊ तेवढं म्हणू नका. भागवत नाव हाये. भाऊ सोडून काही बी म्हणा."

"मूर्ख म्हणू?"

"चालते."

इतकं कबूल करणाऱ्या माणसाशी भांडावं तरी कसं? तो वेणीतून एकेक केस सोडवू लागला. हात कापसाने खरखरीत झालेले, पण लागत मात्र नव्हते.

"ओढा ना! तुटले केस तरी चालतीन मले."

"मले नाही चालत," तो हळूच म्हणाला, आणि प्रेरणाला उगाचच जास्त राग आला.

पुठ्ठा निघाला. भागवत म्हणाला, "या धुऱ्यानं सरळ उतरा. साऱ्यांच्या पुढं निंघसान."

"मले चोर समजता का?" ती कडाडली, आणि जिथून वळली होती तिथपर्यंत परत पळत गेली.

ती तिसरी आली. पुढच्या दोघी घाटावरच्या आणि प्रेरणा घाटाखालची, म्हणजे जखमेवर मीठच! क्लबचे शालिग्राम सर सज्जन माणूस. सगळं ऐकून ते म्हणाले, "चूक आपली हाये. पहिला नंबर तिघींत वाटून देऊ."

"वाटाले तो प्रसाद हाये का?" प्रेरणा म्हणाली. सरांनी बिचाऱ्यांनी तिसऱ्या नंबरापुढे तिचं नाव लिहिलं.

तिच्या आईने, कोकिळाबाईंनी, नुसता हात पुढे केला. "झाली हौस? दे ते बूट."

प्रेरणा नाडी सोडू लागली. ओठ दाबले तरी हुंदका आलाच. तेवढ्यात घामाघूम झालेला भागवत धुऱ्यावरून धडपडत खाली उतरला आणि थेट कोकिळाबाईंसमोर येऊन उभा राहिला.

"मावशी, पोरगी पहिलीच होती. माह्या वावरात चुकली. चूक माही."

"तुह्या चुकीनं माहा कापूस घरी येते का? दर इतवारी हे डोंगर चढते, अन् हिच्या वाट्याची कापसाची पात मले वेचा लागते!"

"मंग मी वेचतो."

"काय?"

"दर इतवारी येतो. पुढच्या साली हे पहिली येईस्तोवर."

"घाटावरून? अन् तुही कपाशी?"

"शनवारी वेचून घेतो."

कोकिळाबाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं, मग पोरीकडे पाहिलं. पिशवी उचलली. "दव उडालं का लागतो आम्ही कामाले. उशीर चालत नाही," एवढं बोलून त्या एसटी थांब्याकडे निघाल्या.

प्रेरणा तिथेच उभी. आनंद व्हायला हवा होता, पण डोकं तापलेलंच. आपल्या बुटांचा, आपल्या पातीचा निवाडा या दोघांनी परस्पर केला!

"मले विचारलं तुम्ही?"

"नाही," तो वरमला. "आता विचारतो. वेचू... तुमची पात?"

वाऱ्याने तिची सुटलेली बट गालावर आली. ती खाली वाकली आणि सोडलेली नाडी पुन्हा घट्ट बांधू लागली. बराच वेळ बांधत राहिली.

"पुढच्या साली मी पहिलीच येणार हाये," ती मान वर न करता म्हणाली. "सांगून ठेवते."

"मले मालूम हाये. मंग माह्यं काम संपन..."

"कोण म्हणते संपन?" ती ताडकन उठली. गाल तापले होते, पण या खेपेला नजर काही हटली नाही. "तरी बी दर इतवारी यायचं!"