उतारावरची गाडी

"माझे बाबा गप्प बसले नव्हते. परवापर्यंत एवढं सिद्ध करून द्या!"

दारातून आत पाय टाकायच्या आधीच मुलगी बोलून मोकळी झाली. मामांनी घाईघाईने तिला खुर्ची दिली आणि ताठ उभे राहिले. उभा जन्म शाळेत कवायत शिकवण्यात गेलेला. निवृत्तीनंतर ते लोकांचं खोटं हुडकून काढणाऱ्या भाचीचे मदतनीस झाले होते. म्हणजे चहा, छत्री आणि चुकीचे अंदाज यांचे पुरवठादार.

भाची खिडकीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसली होती. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. गावातल्या खोटारड्यांना मात्र ती चांगलीच ठाऊक होती.

"बाबा त्या गाडीच्या कंपनीत चाचणीप्रमुख होते ना?" भिंगरीने विचारलं.

मुलीने मान हलवली. गोष्ट सगळ्या देशाला माहीत होती. गाडी उतारावर उभी करा, बटणाचा हँडब्रेक लावा, घरात जा. थोड्या वेळाने ब्रेक आपोआप सुटायचा. माणसं जखमी झाली, एक म्हातारे गृहस्थ दगावले, तेव्हा कुठे गेल्या महिन्यात कंपनीने 'रिकॉल' जाहीर करून सगळ्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. आता परवा लोकप्रतिनिधींच्या चौकशी समितीपुढे कंपनीचे तीन बडे अधिकारी उभे राहणार होते.

"तिघंही म्हणतात, आम्हाला आधी काहीच कळलं नव्हतं. चाचणीप्रमुखांनी दोष दडवला," मुलगी म्हणाली. "बाबा आता नाहीत. वर्ष झालं जाऊन. उत्तर कोण देणार? पण एका रात्री जेवताना ते मला म्हणाले होते, 'वर सांगून आलोय, आता ते बघतील.' वर म्हणजे कोण, ते नाही बोलले."

"लिहून दिलं असेल की!" मामा म्हणाले.

"तिथे वाईट बातमी लिहायची नाही असाच नियम होता. तोंडीच सांगायची."

"वा! म्हणजे ऐकलं तर ऐकलं, नाहीतर वारा." भिंगरीने कट्ट्यावरून टुणकन उडी मारली. "हे तिघं स्वतः कोणती गाडी चालवतात?"

"तीच. कंपनीनेच दिलीय."

"मामा, चप्पल घाल. आपण त्यांच्या घरी जातोय."

"घरी? ऑफिसात जाऊ ना!"

"ऑफिसात माणसं सूट घालून खोटं बोलतात. घरी लेंग्यावर बोलतात. फरक कळतो."

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. कित्येक महिन्यांत पावसाचा टिपूस नव्हता.

पहिलं घर विक्रीप्रमुख बाईंचं. चढावरचा बंगला, आणि फाटकाला मधोमध असा पोचा पडलेला की जणू रेड्याने धडक दिलीय.

"हे कधी झालं?" भिंगरीने विचारलं.

"गेल्या वर्षी," बाई तडकून म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचे प्रताप! हँडब्रेक लावायला विसरला. आठवडाभर बोलले नाही मी त्याच्याशी. आणि रिकॉल जाहीर झाला तेव्हा कळलं, बिचाऱ्याने लावला होता!" मागून नवऱ्याचा आवाज आला, "माफी अजून मागितलेली नाही!"

गाडीच्या उघड्या डिकीत मामांना एक वीट दिसली. चाकाला लावायला! मामांनी भाचीला कोपराने ढोसलं. "सापडली," ते कुजबुजले.

"वीट कोरी करकरीत आहे, मामा," ती तेवढ्याच हळू म्हणाली.

मुख्य अभियंते चौथ्या मजल्यावर राहायचे. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"मला कळलं असतं तर?" ते जवळजवळ ओरडलेच. "अहो, वर्षापूर्वी बहिणीच्या लग्नात मी हीच गाडी भेट दिली. ती डोंगरात राहते, डोंगरात! घरापुढे सपाट जागा म्हणून नाही. रिकॉलची बातमी आली तेव्हा कुठे मी तिला फोन केला, गाडी उतारावर ठेवू नकोस म्हणून."

"नाटकी वाटला," जिना उतरताना मामांनी मत दिलं.

भिंगरी तोवर दोन-दोन पायऱ्या उतरत खाली पोचली होती.

तिसरं घर कंपनीच्या मोठ्या साहेबांचं, सगळ्यात उंचावर. फाटकापासून घरापर्यंत चढती फरसबंद वाट, वर दोन गाड्या शेजारी शेजारी: एक कंपनीची, एक पत्नीची दुसऱ्याच कुठल्या कंपनीची. खाली फाटकाशी साहेबांची चिमुरडी नात तीनचाकी सायकलवर गरागरा फिरत होती.

साहेब स्वतः बाहेर आले. देखणे, मृदू, केस पिकलेले. "या ना. चाचणीप्रमुख फार भला माणूस. पण आम्हाला सांगायला हवं होतं हो त्यांनी."

मामा अदबीने पुढे झाले आणि धाडकन आडवे! कंपनीच्या गाडीच्या मागच्या चाकांना लागून सिमेंटचे दोन बुटके ठोकळे फरशीतच बसवलेले होते, एकेका चाकामागे एकेक. मामा उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पँटच्या गुडघ्याला काळपट हिरवी भुकटी लागली होती.

"अरेरे! पावसाचं पाणी अडवायला घातलेत ते," साहेब म्हणाले.

"मामा, झटकू नकोस!" भिंगरी म्हणाली. तिने गुडघ्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या गाडीच्या चाकांमागच्या गुळगुळीत फरशीकडे, मग साहेबांना हसून नमस्कार केला. "येते. परवा भेटूच."

"एवढ्यात? त्यांना काही विचारलंसच नाहीस!" बाहेर आल्यावर मामा म्हणाले.

"त्यांनी न विचारताच सांगितलं."

दोन दिवसांनी समितीचं दालन खचाखच भरलं होतं. अध्यक्षबाई कृश होत्या आणि इतक्या हळू बोलायच्या की ऐकायला सगळ्यांना श्वास धरावा लागे. त्यांच्यापुढे बड्या बड्या वकिलांची लांबलचक वाक्यं मध्येच दमून बसत होती. मुलीने विनंती केली, "माझ्या वतीने यांना बोलू द्या." अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून भिंगरीकडे पाहिलं. "थोडक्यात बोला."

भिंगरी उठली. एकदाची स्थिर उभी राहिली, आणि मामा खुर्चीतच सावधान झाले.

"दोष ज्याला ठाऊक असेल तो आधी स्वतःचं घर सांभाळेल. म्हणून मी घरं पाहिली. विक्रीप्रमुख बाईंच्या गाडीने त्यांचंच फाटक फोडलं, रिकॉलच्या कितीतरी आधी. त्या नवऱ्यावर रुसल्या. ठाऊक असतं तर ब्रेकवर रुसल्या असत्या. वीट त्यांनी नंतर घेतली. ती अजून कोरी आहे. मुख्य अभियंत्यांनी हीच गाडी डोंगरात राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला दिली. जाणूनबुजून कोण देईल?"

भिंगरी तिसऱ्या खुर्चीकडे वळली.

"मोठ्या साहेबांच्या घरी चाकांमागे सिमेंटचे ठोकळे आहेत. साहेब म्हणाले, पाणी अडवायला. पण दोन ठोकळ्यांमधून पाणी खुशाल वाहून जाईल. आणि शेजारी, त्याच उतारावर, दुसरी गाडी उभी असते. तिच्या मागे काहीच नाही. म्हणजे भीती पाण्याची नव्हती, उताराचीही नव्हती. या एकाच गाडीची होती."

साहेबांचा वकील उसळला. "रिकॉलनंतर कुणीही खबरदारी घेईल!"

"घेईल ना. पण त्या ठोकळ्यांवर वाळलेलं शेवाळ आहे. माझ्या मामांनी गुडघ्यावर घेऊन दाखवलं. रिकॉल गेल्या महिन्यातला, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून पाऊस नाही. शेवाळ धरलं ते मागच्या पावसाळ्यात. तेव्हा ही गाडी दुकानादुकानांत विकली जात होती." तिचा आवाज किंचित खाली आला. "साहेब, त्या उताराच्या पायथ्याशी तुमची नात खेळते. तिच्यासाठी ठोकळे घातलेत, ते बरंच केलंत. बाकीच्यांच्या नातवंडांचं काय?"

वकिलाने साहेबांच्या दंडावर हात ठेवला. "उत्तर देऊ नका."

अध्यक्षबाई आणखी हळू बोलल्या. "इथे तुम्ही मला उत्तर देत नाही आहात. ज्या लोकांनी मला इथे बसवलं, त्यांना देताय. सांगा."

 साहेबांनी वकिलाचा हात बाजूला केला.

"होय. चाचणीप्रमुख माझ्याकडे आले होते. या दोघांना काही ठाऊक नव्हतं. मी त्यांना म्हटलं, बघतो. आणि बघितलं फक्त माझ्या घरापुरतं."

"त्यांचे शब्द आठवतात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"विसरता येत नाहीत." साहेबांनी मुलीकडे पाहिलं. "'साहेब, ही गाडी दमलेल्या म्हशीसारखी आहे. आपण पाठ फिरवली की निघाली. आपण कबूल करू, लोक चार दिवस शिव्या देतील. पण ज्याची घरी कुणी वाट बघतंय, ते माणूस तरी घरी पोचेल.'"

मामांनी बाजूला पाहिलं. मुलगी उठून उभी राहिली होती. गाल भिजलेले, आणि तरी ती चक्क हसत होती.

"हो," ती सगळ्या दालनाला म्हणाली, "माझे बाबा अगदी अस्संच बोलायचे."