पाण्यानं विचारलं तर

कुंभारीच्या सडकेवर, पुलाच्या कठड्याला टेकून चार पोरं कागदातले तळलेले मासे खात होती. दिवेलागण होऊन तास उलटला होता. हिंदुराव तात्यांनी वाऱ्याची दिशा बघितली, पोरांपासून चार हात लांब बसले आणि धोतराचा सोगा नाकाला लावला.

"संपवा रे ते. आन् हात धुवून या. मग काय ते विचारा."

पोरांना धोंडीरामबद्दल विचारायचं होतं. त्याच दिवशी बाजारात त्याच्या पोरीला ठेच लागली, अंगठ्याचं नख उलटलं. साडेतीन वर्षांची गोड पोर ती, बापाकडे हात पसरून रडत राहिली. बापानं तिला उचललं नाही. शेजारच्या बाईला म्हणाला, "हिला जरा घ्या की." आणि स्वतः दोन पावलं मागं सरला. असला कसला बाप?

"वाईट न्हाय त्यो," तात्या म्हणाले. "माझ्या हाताखाली खडी फोडायला होता. माझ्यासमोर ओकलाय, आन् ओकत ओकतच मला हे सांगितलंय. आता मधी कुनी बोलायचं न्हाय."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. वीस मे एकोणीसशे त्र्याहत्तर, रविवार. दुष्काळाचं साल. तलावांचा चिखल झाला होता, चिखलाची भेगाळ माती झाली होती, आणि सारं गाव सरकारी कामावर खडी फोडत होतं. तात्या तिथं मुकादम. धोंडीराम जातीचा भोई, मासे धरणारा, पण पाणीच नाही म्हटल्यावर त्याच्याही हातात घण आला.

त्याची बायको वच्छला सहाव्या महिन्यात होती आणि तिच्या पोटात काही म्हणता काही ठरत नव्हतं. कामावरची सुकडी तोंडात गेली की बाहेर. मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी बाहेर. नुसतं पाणीसुद्धा बाहेर. अंगाची काडी झाली होती, पोट तेवढं दिसायचं. सोजरबाई सुईण तिला बघून अंगणात आली आणि धोंडीरामला म्हणाली, "हिच्यात काय राह्यलं न्हाय बाबा. आनखी आठ दिस असंच ग्येलं तर दोगंबी जातील. तिला काय खावं वाटतंय ते आन. कुटनंबी आन."

वच्छलाला मासे खावेसे वाटत होते. तव्यावरचे, ताजे चिलापी मासे. असल्या दिवसांत मागायची लाज वाटली म्हणून तिनं भिंतीकडे तोंड करून सांगितलं.

मासे एकाच ठिकाणी उरले होते. माळावरच्या जुन्या दगडाच्या खाणीत. पाच पुरुष खोल पाणी, वरचं उन्हानं तापलेलं, त्यामुळे मासा पार तळाला बसलेला. इतक्या खोलात मासा नेमका कुठं आहे हे सांगणारा माणूस तालुक्यात एकच होता, आणि तो धोंडीराम.

त्याची रीत न्यारी होती. गैबीसाब म्हणून एक म्हातारा मासेवाला होता, त्यानं ती शिकवलेली. एक लांब वेळू, आतल्या गाठी तापलेल्या सळईनं जाळून आरपार पोकळ केलेला. मालट्रकची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर बांधलेली फळी. फळीवर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे, वेळूचं एक टोक पाण्यात बुडवायचं आणि दुसऱ्याला कान लावायचा. मग बोटातल्या लोखंडी कड्यानं वेळूवर दोन टिचक्या मारायच्या. खालून दोन परत यायच्या. नुसता खडक असेल तर खणखणीत. मासा असेल तर बद्द, भिजल्या गोधडीवर मारल्यासारख्या. याला ते दोघं 'पाण्याला विचारणं' म्हणायचे. दिवसा माळावर शेकडो घण चालायचे, त्या गोंगाटात काही ऐकू येणं शक्य नव्हतं. म्हणून रात्री जायचं.

गैबीसाबनं मरायच्या आधी एकच गोष्ट बजावली होती. "धोंड्या, तू पानीला विच्यार. पन पानी तुला विच्यारलं, तर जवाब नको देऊ. सीधा घर गाठ, बाबा."

धोंडीराम तेव्हा हसला होता. पाणी कशाला कुणाला विचारील?

रात्री नऊ वाजता तो खाणीत उतरला. पौर्णिमा होऊन तीन दिवस झालेले, चंद्र दहाच्या सुमारास उगवणार. पाणी कोमट होतं, थुंकीसारखं. वर शेवाळाची साय धरलेली, ती पोटऱ्यांना चिकटत होती. आणि वास. घरात कुठंतरी उंदीर मरावा आणि सापडू नये, तसला. धोंडीराम तोंडानं श्वास घेऊ लागला, तर तो वास जिभेवर आला.  पण पत्र्याची दोन झाकणं हातांत धरून तो वल्ह्यासारखं पाणी मारत पुढं गेला.

कडेला विचारलं. खणखणीत.

मध्यावर विचारलं. खणखणीत.

पलीकडच्या कड्याखाली गेला. कान लावला. विचारलं.

टक्. टक्.

बद्द आलं. इतकं बद्द, की खाली मासाच मासा असावा. त्याला वच्छलाचं तोंड आठवलं आणि बरं वाटलं. खात्रीसाठी त्यानं पुन्हा विचारलं.

टक्. टक्.

खालून आलं. टक्. टक्...

टक्.

तो थांबला. कडं घसरलं असेल. बोटातलं कडं काढलं, मुठीत घट्ट धरलं. मोजून दोन मारल्या.

तीन आल्या.

उठून घरी यायचं. गैबीसाबनं दुसरं काय सांगितलं होतं? पण रिकाम्या हातानं गेलं तर काय, तेही सोजरबाईनं सांगून ठेवलं होतं. दोघंही जातील. धोंडीराम बसून राहिला. खाली शांत होतं. वाट बघितल्यासारखं शांत.

त्यानं जवाब म्हणून तिसरी मारली.

मग गळ टाकायचा अवकाश, मासा येत गेला. एक. दोन. पाच. आठ. तळहाताएवढे, फुगलेले, गुबगुबीत. एकानंही शेपूट हलवली नाही. ओल्या चिंधीसारखे वर आले. नवव्यांदा दोरी सोडताना पायाच्या बोटांना काहीतरी लागलं. मऊ. लांब. ते बोटांमधून गेलं... आणि घोट्याभोवती फिरलं. शेवाळ, तो स्वतःशी म्हणाला. शेवाळ एवढं लांब नसतं. त्यानं पाय वर ओढून घेतले आणि किनारा येईपर्यंत खाली सोडले नाहीत.

झोपडीमागं कंदील ठेवून त्यानं पहिला मासा चिरला. आत माती नव्हती. शेवाळ नव्हतं. केस होते. काळे, लांब, आतड्यासारखे गुंडाळलेले. बोटानं धरून ओढले तर येतच राहिले, हातभर, दोन हात. दुसऱ्यात केस. तिसऱ्यात केस. आठही मासे.  कुंपणाला धरून तो ओकला, पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिला.

इथं तात्या थांबले. पुलाखालून एक कुत्रं गेलं, ते दिसेनासं होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

"आमच्या कामावर चंद्रव्वा म्हनून एक बाई होती. अक्कलकोटाकडली. गुडघ्याएवढं केस. सातवा म्हैना लागलेला. संक्रांतीनंतर एक दिस आलीच न्हाय. ग्येली आसंल म्हायेरी, म्हनलो, आन् हजेरीतनं नाव खोडलं. कोन बघाय ग्येलं न्हाय. मीबी न्हाय." ते बाजूला थुंकले. "मासा बघितला की मला माझीच किळस येती. पन मी काय जोडत न्हाय. त्यानं त्याचं सांगितलं, मी माझं सांगितलं."

धोंडीराम ते मासे फेकून देणार होता. टोपलं उचललंही होतं. तेवढ्यात आतून हाक आली. "अवो, घावलं व्हय?" पंधरा दिवसांत पहिल्यांदा वच्छला उठून बसली होती.

त्यानं टोपलं खाली ठेवलं. केस राखेत पुरले. मासे सात पाण्यांनी धुतले. तव्यावर टाकले.

ती खाऊ लागली. चार, पाच, सहा. काटे चोखून खाल्ले. मधेच थांबली, दातांत बोट घातलं आणि एक लांब केस ओढून काढला. "माझाच आसंल," म्हणाली, तो पदराला पुसला आणि पुढचा मासा घेतला. धोंडीराम दाराकडे तोंड करून बसला होता. गिळल्याचा आवाज ऐकत होता. 

ओकारी आली नाही. अन्न ठरलं. वच्छलाच्या तोंडावर रंग आला, डोळे जड झाले. "उद्या बी आनाल का वो?" तिनं विचारलं. मग आडवी होता होता त्याचा हात धरून पोटावर ठेवला. "बगा की, हालतंय. पयल्यांदाच. कान लावा."

रात्रीचा दीड वाजला होता. धोंडीरामनं कान लावला. पाच पुरुष पाण्याखालचं ऐकणारा कान तो. आत सगळं ठीक होतं. पाणी होतं. दोन जिवांची धडधड होती. त्याला रडू आलं, केलं ते बरंच केलं असं वाटलं. वच्छलाला झोप लागली. आणि आनंदाच्या भरात, हाताला सवय म्हणून, त्यानं बोटाच्या पेरानं तिच्या पोटावर हळूच दोन टिचक्या मारल्या. कडं बोटात नव्हतं. आवाजसुद्धा झाला नाही.

आत शांत...

मग खणखणीत आलं, कड्यानं वेळूवर मारल्यासारखं. टक्. टक्.

त्यानं श्वास धरला.

टक्.