खात्री असेल तरच

"हे तुम्ही लिहिलंय?"

लॅपटॉप मी त्याच्या टेबलावर आपटलाच. आमच्या टीमचा सगळा कोड एका सामाईक साठ्यात राहतो. तो साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर आमच्याच कंपनीचं, आणि त्यातली कुठली आज्ञा काय करते ते लिहिणारा हा. लिफ्टमध्ये रोज दिसायचा, पण तोंडातून कधी अवाक्षर नाही.

"'फोर्स' पर्याय दिला की तुमची प्रत साठ्यात जाते," मी वाचून दाखवलं. "बाकीच्यांचं काम पुसलं जातं, हे कुठंय? मी तो दिला आणि अख्ख्या टीमची मेहनत गेली! थोड्या वेळात ग्राहक येतोय... आणि मी इथे नवीन!"

तो पांढराफटक पडला. आता हात झटकणार, मला वाटलं.

"वाक्य अर्धवट आहे. चूक माझीच," तो म्हणाला. "पण उदाहरणं तपासायला मी सकाळी साठ्याची प्रत घेतली होती. त्यानंतर कुणी काही पाठवलं?"

"नाही. सगळे मीटिंगमध्ये होते... मी सोडून."

"मग वाचलो. फक्त परत चढवायला तोच पर्याय लागेल."

"पुन्हा तोच?"

त्यानं आज्ञा लिहिली. एंटरवर बोट ठेवलं, पण दाबेना. काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्यावर माझा हात ठेवला.

"दाबा," मी म्हटलं. "जे होईल ते दोघांचं."

एकेकाचं काम पडद्यावर परत दिसू लागलं. माझ्या जिवात जीव आला. हात काढायचा मात्र राहून गेला.

ग्राहक खूश होऊन गेला, तशी मी पुन्हा त्याच्या टेबलाशी. त्यानं वाक्य बदललं होतं: 'या पर्यायाने साठ्यातलं इतरांचं काम पुसलं जातं. खात्री असेल तरच वापरा.'

"आता कसंय?"

"आता मठ्ठालाही कळेल."

"अजून एक होतं... म्हणजे... लिफ्टमध्ये रोज... तुम्हाला हरकत नसेल तर—"

"पुन्हा अर्धवट! जीभ चालत नसेल तर लिहा."

कान लाल करून त्यानं टाइप केलं, आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

'तुम्ही मला फार आवडता. खात्री असेल तरच एंटर दाबा.'

या वेळी मी दोनदा वाचलं. तो श्वास रोखून बसलेला.

मी एंटर दाबलं.