टेंभुर्णीची सवारी

भारतभाऊंचा फोन आला तेव्हा मी नवीन जालन्यात गाडी धूत होतो. विमानतळावरून आमच्या गावी टेंभुर्णीला एक सवारी आणायची होती, दुपारी एकच्या विमानाची. ज्योत्स्नाताई, आमच्या अण्णासाहेब सरांची मुलगी. भारतभाऊ सरांचे पुतणे.

"वसंता," ते आवाज बारीक करून म्हणाले, "काका सकाळीच गेले. ताईला सांगू नको. सिरीयस हायेत, एवढंच म्हण."

आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. माणूस गेलेला असतो. ते ड्रायव्हरला माहीत असतं, मागं बसलेल्या लेकराला नसतं. पण सरांसाठी खोटं बोलणं मला जड गेलं. आठवीत शाळा सोडून मी मेंढरांमागं गेलो, तेव्हा सर तीनदा रानात चालत आले होते. आमच्याजवळ मातीत बसले, आमच्याच कपातून चहा प्याले. एकदाही रागावले नाहीत. मी गेलो नाही शाळेत. पण एवढा मोठा माणूस माझ्यासाठी चालत आला, हे मी आजही मान वर करून सांगतो.

विमानतळाबाहेर ताई एक लहान बॅग घेऊन आल्या.

"बाबा कसे आहेत, दादा?"

"सिरीयस हायेत." मी आरशात बघितलं नाही.

"तीन वर्षं बोललो नाही आम्ही. माझ्या लग्नावरून. एकदा बोलता आलं पाहिजे..."

जालना मागं पडलं. उन्हं कलली होती, रस्त्याकडेच्या कपाशीचा धुळकट वास काचेतून येत होता. ताईंचा फोन वाजला.

"बाबा...?"

माझी नजर आरशात गेली. मागून फोनमधला आवाज ऐकू येत होता, सावकाश, प्रत्येक शब्द फळ्यावर लिहावा तसा. सरांचाच. मला वाटलं, भारतभाऊंची काहीतरी गफलत झाली. इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"गाडी कोण चालवून राह्यलं?" सरांनी विचारलं.

ताईंनी फोन पुढं धरला.

"मी वसंता, सर. आठवीतला..."

"मागच्या बाकावरचा. सावकाश चालव, बाळ."

पुढच्या टपरीवर पाणी घ्यायच्या निमित्तानं मी उतरलो आणि भारतभाऊंना फोन लावला.

"भाऊ, सर तर बोलून राह्यले ना ताईसंग."

 पलीकडं बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला.

"येड्या, आंघोळ घालून राह्यलो आम्ही त्यांना."

"मंग त्यांचा फोन?"

"माझ्या खिशात. सकाळधरनं बंद हाय... जल्दी ये. दिवस बुडायच्या आत न्यायचंय."

मी गाडीकडं बघितलं. काचेआड ताई फोन कानाशी धरून हसत होत्या आणि रडत होत्या.

पळून जावंसं वाटलं. गेलो नाही. गाडीत बसलो आणि चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागून टेम्पो हॉर्न वाजवत पुढं गेले, भारतभाऊंचे चार फोन आले, मी उचलले नाहीत. पाठीमागं सर लेकीला विचारत होते, जावई जेवतो का नीट, तू चष्मा का लावत न्हाईस. मरणाच्या पलीकडूनही माणूस इतकं साधं बोलू शकतो.

टेंभुर्णीत शिरलो. घरासमोर पांढऱ्या कपड्यातली माणसं उभी होती.

"ठेवते बाबा, आले मी," ताई म्हणाल्या आणि उतरल्या.

त्यांनी बघितलं. ओरडल्या नाहीत. सरांच्या पायांवर डोकं ठेवलं, बराच वेळ.

"तुला भेटायचं राह्यलंच गं," भारतभाऊ म्हणाले.

"बोलणं झालं आमचं," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही. मी खाली बघत राहिलो.

सगळं उरकल्यावर, दिवेलागणीला, मी रिकामी गाडी घेऊन निघालो. गावाची शेवटची घरं गेली आणि गाडीत टुकटुक वाजायला लागलं. शेजारच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की वाजतं, तसं.

सीट रिकामी होती.

मी गाडी थांबवली. टुकटुक थांबेना. शेवटी हात लांब करून पट्टा ओढला आणि खटक्यात अडकवला. आवाज बंद झाला.

"कुठं... कुठं सोडू, सर?"

 पट्टा सीटला टेकला नव्हता. वीतभर वर, छातीवरून गेल्यासारखा गोल ताणलेला होता, आणि हळूहळू वर-खाली होत होता.