हिरड्या आणि दिग्विजय

दंतविभागाबाहेरच्या बाकावर निशिगंधा आपल्या नंबरची वाट बघत होती, आणि शेजारी येऊन बसला तो नेमका दिग्विजय. साऱ्या पिंपरी-चिंचवडमध्ये ज्याला हे कळू नये असं तिला वाटत होतं, तोच.

दोघं चाकणच्या एकाच कंपनीत. तो मशिनवर, ती तपासणीला. पार्ट दाखवायला आला की तो उगाच रेंगाळायचा, आणि ती एकच माप दोनदा बघायची... चार महिने तो चहाला विचारत होता, चार महिने ती नाही म्हणत होती. चहा प्यायचा तर कामावर कायम घातलेला मास्क काढावा लागणार, आणि बाईसाहेबांच्या तोंडाला वास येत होता. हे सांगायचं तरी कुणाला?

ब्रश केला की हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून तिने ब्रशच सोडला होता. बीडहून आईने पाठवलेली मशेरी बोटाने फिरवली की रक्त दिसेना. बरं वाटतंय म्हणून ती खूश! आज मघाशी तपासताना योगिनी डॉक्टरांनी चांगलंच फैलावर घेतलं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यामुळे रक्त दबलं, रोग आत वाढला. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे घाण साचून टणक होते, ती आज काढायची, आणि मग रोज दोनदा तिथेच मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवायचा. नाहीतर हाड झिजेल आणि दात हलायला लागतील.

"तुम्ही इथं कशे?" मास्क असूनही तिने तोंडावर हात धरला.

"हिरड्या," तो म्हणाला. "पाच वर्षं तंबाखूची गोळी दाबून शिफ्ट काढल्या ना. आता सोडली. ही तिसरी खेप." मग खाली बघत म्हणाला, "सोमवारपासून मी दुसऱ्या प्लांटला चाललोय. अर्ज मीच दिला... तुम्हाला रोज नको म्हणायला लागतं, बरं दिसत नाही ते."

तेवढ्यात आतून निशिगंधाचं नाव पुकारलं. ती दारापर्यंत गेली, आणि परत आली.

"माझ्या पण हिरड्या खराब हायेत. वास येतो. म्हणून चहाला नको म्हणत होते मी... तुम्हाला नाही."

तो खुदकन हसला.

"आणि मी तुमच्यापासून दोन हात लांब उभा राहायचो, ते कशामुळं वाटलं तुम्हाला?"

तिला तो बिचारा फार सभ्य वाटत आला होता.

"अर्ज परत घेता येतो का?"

"येतो की. साहेब कारण विचारतील पण."

"मग सांगा त्यांना," ती म्हणाली, आणि हात तोंडावरून आपोआप खाली आला, "निशिगंधाला तुम्ही आवडता म्हणून."

बाकावरच्या साऱ्या माना वळल्या. दिग्विजयचे कान लालबुंद झाले, आणि ती आत पळाली.

योगिनी डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवून तोंड उघडायला सांगितलं. पण तिचं हसू काही केल्या थांबेना... शेवटी हातातलं यंत्र बाजूला ठेवून डॉक्टरच हसायला लागल्या.