अर्धं हसू

लिफ्टमध्ये दोघंच होती. बाहेर सकाळपासून धुकं हललं नव्हतं आणि समोरच्या माणसाने नाकापर्यंत मफलर गुंडाळला होता. दिसत होते ते फक्त डोळे... आणि त्यातला एक त्याने चक्क मिचकावला. तिने दुर्लक्ष केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मात्र तिचा पारा चढला.

"हॉस्पिटल आहे हे. थोडी तरी लाज?"

"मी दोन्ही डोळे मिटतोय हो," मफलरमधून बोबडा आवाज आला. "पण... एकच ऐकतो."

त्याने मफलर खाली ओढला. चेहऱ्याची डावी बाजू ओघळल्यासारखी सैल पडली होती. ती फिजिओथेरपिस्ट. असे चेहरे रोज बघणारी. तरी तिचे कान तापले. कुठे जायचंय, असं तिने पडत्या आवाजात विचारलं, तर त्याने तिच्याच खोलीचा नंबर सांगितला.

तो चित्रकार होता. माणसांना समोर बसवून त्यांचे चेहरे रंगवायचे, यावरच त्याचं आणि त्याच्या आईचं घर चालायचं. एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळालं, आरशात बघतो तर निम्मा चेहरा गेलेला. हळूहळू येईल म्हणाले होते सगळे. हिवाळा सरत आला तरी चेहरा परत आला नव्हता.

"गाल फुगवा. भुवया वर. आता ओठांचा चंबू."

"सगळ्या पेशंटना चंबू करायला लावता?"

"सगळ्यांना. आणि सगळे हाच विनोद करतात."

तो हसला, अर्धाच. ओल धरलेल्या त्या खोलीत, फटफटीत पांढऱ्या दिव्याखाली, तिलाही हसू आलं. मग ते रोजचंच झालं. तो शिट्टी वाजवायचा प्रयत्न करायचा, नुसती हवा निघायची, आणि ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, "सूर जरा चुकला."

"सध्या काय रंगवताय?" तिने एकदा विचारलं.

"स्वतःला."

"एवढं प्रेम?"

"फुकट बसतो. चहा मागत नाही. नाक मोठं काढलं तरी भांडत नाही."

पण एका मळभ दाटलेल्या दुपारी, ती त्याच्या गालावरून बोटं फिरवत असताना, तो आपणहून म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही काय रंगवताय विचारलंत, ते मी थट्टेवारी नेलं. चेहरा पडल्यापासून लोक माझ्याशी बोलताना खांद्याकडे बघतात. मायेनेच हो... आई तर वाढताना ताटावरून नजर काढत नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांकडे टक लावून बघितलं, माझ्याकडे कुणी बघायला नको? म्हणून मीच बघतो. रंगवताना लाज वाटत नाही. तेव्हा हा गाल म्हणजे एक सावली असते, कुठला रंग घ्यायचा एवढाच प्रश्न. ब्रश धुतला की पुन्हा माझा गाल."

तिची बोटं थांबली. ठरलेलं लग्न मोडल्यापासून दादा-वहिनी तिच्यासमोर असेच जपून बोलत. ती खोलीत आली की विषय बदलायचा. कुणीतरी सरळ बघावं, ही भूक तिला नवी नव्हती.

"तुम्ही मात्र सरळ बघता," तो म्हणाला. "म्हणून मी एकही दिवस चुकवत नाही."

"ते... माझं काम आहे."

बोलून गेली आणि तिचं तिलाच ते लागलं. त्याने मान डोलावली, मफलर गुंडाळला, आभार मानून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्या आठवड्यात आलाच नाही. त्याच्या वेळेला ती खुर्ची उगाच इकडची तिकडे करत राही. घरी वहिनीने ताट तसंच परत गेलेलं पाहिलं आणि काही विचारलं नाही.

त्याच्या नसेच्या तपासणीचा निकाल आला तेव्हा फोन करता आला असता. ती स्वतः गेली.

दार आईने उघडलं. "तुम्हीच ना त्या? या. चार दिवस धड बोलला नाहीये."

आतल्या खोलीत तो ब्रश घेऊन बसला होता, आणि भिंतीला टेकलेल्या चित्रांतूनही तोच तो. आधीच्या चित्रांत डावी बाजू अंधारात बुडवलेली. मग हळूहळू उजेड सरकत आलेला, आणि अलीकडच्या चित्रांत सगळं उघडं... लोंबता ओठ, न मिटणारा डोळा, काही न लपवता.

"निकाल वाईट आहे," तो म्हणाला. "नाहीतर तुम्ही आला नसता."

"डोळा मिटेल. बोलणं सुधारेल. पण हसू... या बाजूचं पूर्ण नाही येणार."

तो ब्रश पुसू लागला. खिडकीबाहेर पन्हळीतून पाणी ठिबकत होतं.

"म्हणजे आता हाच चेहरा."

"हाच."

"हे सांगणंही कामातच येतं?"

"हो. सांगून झालं. काम संपलं."

पण ती गेली नाही. लोकांना बसवायच्या त्याच्या खुर्चीवर धूळ साचली होती. पदराने ती झटकून ती तिथेच बसली.

"पुढेमागे लग्नाचे फोटो निघाले तर मी असाच वाकडा दिसणार," तो म्हणाला. "नवरी बिचारी..."

"नवरीला चालत असेल तर तुमचं काय जातंय?"

ब्रश त्याच्या हातात तसाच राहिला.

"नवरीला... विचारलंय कुणी?"

"तिने आत्ताच सांगितलं," ती म्हणाली, आणि नजर हलवली नाही.

तो हसला. उजवी बाजू पूर्ण हसली, डावी जागची हलली नाही, आणि त्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळलं. या आजारात डोळा असा आपोआप वाहतो, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी तिने ते आजाराच्या खात्यावर टाकलं नाही. उठली, आणि हाताने पुसलं.