नऊ नळ्या, चार ताप

आमची पहिली भेट खाटेखाली झाली. हसू नका, खरंच.

शंकरराव नावाच्या पेशंटच्या लघवीची पिशवी नीट टांगली आहे का, हे बघायला मी वाकले, आणि पलीकडून कुणीतरी त्याच पिशवीसाठी वाकलेलं. टक्... कपाळावर कपाळ. दोघंही फरशीवर बसलो. समोर निळा गणवेश, कपाळ चोळणारा हात, आणि त्या हाताआडून बघणारे दोन डोळे — शांत, पण जरासे खट्याळ.

"लागलं काय वो सिस्टर?"

"नाही," मी म्हणाले. चांगलंच लागलं होतं.

"तुमीच काय त्या, मोजाले आलेल्या?"

मीच ती. सारिका, लोणारची. शेगावजवळच्या आमच्या हॉस्पिटलात माझं काम एवढंच, की रोज सकाळी वॉर्डावॉर्डात जाऊन बघायचं — लघवीची नळी कितीजणांना आहे, किती दिवसांची आहे, अजून हवी आहे का. नळी जितके दिवस आत, तितकी जंतू शिरायची भीती. मग थंडी वाजून ताप, आणि आठ दिवस मुक्काम वाढला. साहजिकच वॉर्डातल्या सिस्टरांना मी फारशी आवडत नसे. दुसऱ्याच्या चुका मोजणारी बाई कुणाला आवडेल?

पुरुष वॉर्डाचा इन्चार्ज प्रेमानंद मात्र निराळा निघाला. संग्रामपूरकडचा. डॉक्टरांच्या मागे लागून लागून नळ्या काढायला लावायचा आणि मग त्या म्हाताऱ्यांना स्वतः धरून संडासापर्यंत न्यायचा. सुरुवातीला मी त्याच्या वॉर्डात सगळ्यात आधी जायचे. पुढे सगळ्यात शेवटी जायला लागले. नंतर कुठला वॉर्ड उरला नाही की जरा थांबता येतं ना...

"सिस्टर, आज नळ्या नऊ. इस्वास नसन तर मोजून घ्या."

"नाहीच आहे."

"मंग दोनदा मोजा. घाई काय हाय?"

मी खरंच दोनदा मोजायचे. 

महिना संपला आणि आकडे मांडले, तेव्हा माझाच चेहरा उतरला. बाकी सगळ्या वॉर्डांत नळीमुळे ताप आलेला एकेक पेशंट. पुरुष वॉर्डात चार! शनिवारी मोठ्या डॉक्टरांपुढे मीटिंग होती. प्रेमानंदचं कंत्राट संपत आलं होतं, आणि पुढे ठेवायचं की नाही हे त्या आकड्यावर ठरणार होतं.

मी त्याला खिडकीपाशी गाठलं. बाहेर हिवाळ्याचं कोवळं ऊन पडलं होतं.

"एका तापाचं कारण पक्कं नव्हतं, असं म्हणता येईल," मी हळूच म्हणाले. "तीन लिहू?"

"काऊन?"

"तुमच्यासाठी..."

त्याच्या डोळ्यांतला खट्याळपणा गेला. "माह्यासाठी खोटं लिहू नका. चौघायच्या कपाळावर मीच पट्ट्या ठेवल्या. त्यातला कोनता मानूस मोजाचा नाही, सांगा?"

आणि तो निघून गेला. मला त्याचा भयंकर राग आला, स्वतःची लाज वाटली, आणि हा माणूस आपल्याला फार फार आवडतो हेही तेव्हाच कळलं. सगळं एकदमच.

पण चार का? सकाळी तर पिशव्या जिथल्या तिथे असायच्या. म्हणून त्या दिवशी मी दुपारी चारला, भेटीच्या वेळेत, पुरुष वॉर्डात जाऊन कोपऱ्यात बसले. प्रेमानंद त्या वेळी औषधं आणायला खालच्या मजल्यावर असायचा.

दार उघडलं. शंकररावांना बघायला गावाहून सहा माणसं येताना दिसली, तशी त्यांच्या बायकोनं, जनकाबाईंनी, चटकन पिशवी खाटेच्या आकड्यावरून काढली, नवऱ्याच्या पोटावर ठेवली आणि वरून चादर ओढली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या सुनेनंही तेच केलं. नऊपैकी सात पिशव्या चादरीखाली! पिशवी अशी वर गेली की त्यातली लघवी नळीवाटे उलटी आत जाते. पाहुणे गेले की पिशव्या पुन्हा आपल्या जागी. बायकांच्या वॉर्डात हे का नव्हतं? बायकांना बघायला एवढे पाहुणे येतातच कुठे.

प्रेमानंद वर आला. मी नुसतं बोट दाखवलं. तो जनकाबाईंच्या शेजारी उकिडवा बसला.

"मावशी, पिशवी वर काऊन ठेवली?"

"सोयरे आले ना बापा. जन्मभर फेटा बांधून फिरलेला मानूस... त्याचं असं लटकलेलं चारचौघात दिसू द्यावं काय?"

तो रागावला नाही. "खरं हाय. झाकू आपन. पन खालीच टांगून झाकू."

जनकाबाईंनी स्वतःचं जुनं लुगडं फाडून पहिली खोळ शिवली. मागून उघडी, म्हणजे पिशवी किती भरली ते आम्हाला दिसावं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत नऊ खोळी तयार झाल्या.

शनिवारी मी चारच लिहिले. प्रेमानंद उठून म्हणाला, "भेटीच्या वेळेले मी वॉर्डात पाह्यजे होतो. चूक माही हाय." मग मी जे पाहिलं ते सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी बराच वेळ कागद न्याहाळला आणि कंत्राट दोन महिन्यांनी वाढवलं.

पहिल्या महिन्यात एक ताप. दुसऱ्या महिन्यात एकही नाही. त्याला एका वर्षाच्या नेमणुकीचं पत्र मिळालं.

पत्र खिशात ठेवून तो माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आला.

"आता माह्या वॉर्डात शून्य. तुमी कायले येसान?"

"शून्यसुद्धा रोज येऊनच मोजावं लागतं."

तो हसला... मग हसायचा थांबला.

"सारिका —" पहिल्यांदाच 'सिस्टर' नाही. "मले तुमी लय आवडता. रविवारी बाबाले घेऊन लोणारले येऊ काय?"

उत्तर द्यायच्या आधी मी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"या. पण आई पहिलं विचारेल, नोकरी कायमची आहे का?"

"नाही. सालभराची हाय. तसंच सांगीन."

क्षणभरही न थांबता म्हणाला. जिन्यावरून माणसं ये-जा करत होती, तरी मी त्याचा हात हातात घेतला.

"तसंच सांगा," मी म्हणाले. "आई नाही म्हणाली, तर मी हो म्हणेन."